विश्लेषण : ‘हादोकेन’चा वेग, ताकद आणि किंमत ३६ वर्षांत का बदलत राहिली? ‘स्ट्रीट फायटर’मधील निळ्या गोळ्याची गोष्ट

खाली, तिरके, पुढे आणि पंच. एवढ्या चार हालचालींत सुटणारा निळा गोळा १९८७ पासून आजपर्यंत ‘स्ट्रीट फायटर’च्या प्रत्येक मुख्य गेममध्ये आहे. दिसायला तो तसाच आहे. मात्र त्याचे गणित प्रत्येक वेळी नव्याने मांडले गेले. ते का, आणि त्यातून खेळाडूंचे काय बदलले?

पांढरा कराटे पोशाख, डोक्याला लाल पट्टी आणि दोन्ही तळहात जोडून पुढे फेकलेला निळा ऊर्जागोळा. गेम न खेळणाऱ्यालाही रियू हे पात्र या एका मुद्रेवरून ओळखता येते. ‘कॅपकॉम’ या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेत हा गोळा, म्हणजे ‘हादोकेन’, पहिल्या भागापासून आहे. १९८७ ते २०२३ या काळात मालिकेचे सहा मुख्य भाग आणि अनेक उपभाग आले. चित्रे द्विमितीय होती ती त्रिमितीय झाली, नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांची जागा घरातल्या कन्सोलने आणि ऑनलाइन सामन्यांनी घेतली. रियूचा हल्ला मात्र तोच राहिला. निदान वरवर पाहता तरी.

प्रत्यक्षात प्रत्येक भागात या गोळ्याचा वेग, ताकद, त्यासाठी मोजावी लागणारी किंमत आणि त्यावरचे उतारे बदलले. हे बदल किरकोळ वाटतात, पण त्यांच्यामुळे अव्वल खेळाडूंना पात्रे बदलावी लागली आणि वर्षानुवर्षे घोटवलेले कौशल्य किती कामाचे, हा प्रश्नही उभा राहिला.

हादोकेन म्हणजे नेमके काय?

जपानी भाषेत ‘हादो’ म्हणजे लहरींची हालचाल आणि ‘केन’ म्हणजे मूठ. पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’चे दिग्दर्शक ताकाशी निशियामा यांनी नंतर मुलाखतीत सांगितल्यानुसार, ही कल्पना ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या १९७४ मधील अ‍ॅनिमे मालिकेतून सुचली. त्यातील अंतराळ जहाजाकडे ‘हादोहो’ नावाची महातोफ होती. तोफेच्या जागी मूठ आली आणि हादोकेन जन्माला आला.

खेळाच्या भाषेत हा ‘प्रोजेक्टाइल’, म्हणजे पात्राच्या शरीरापासून सुटून स्क्रीनवर स्वतंत्रपणे पुढे सरकणारा हल्ला. मूठ किंवा लाथ मारताना स्वतःचा हात-पाय पुढे जातो आणि त्याला मार बसू शकतो. गोळ्याला तो धोका नाही. दुरून, सुरक्षित अंतरावरून मारा करता येतो. मग खेळाडू दिवसभर गोळेच का फेकत नाही? मालिकेतील प्रत्येक भागाने या एकाच प्रश्नाचे वेगवेगळे उत्तर दिले आहे.

पहिल्या भागात तो कसा होता?

१९८७ चा हादोकेन आजच्या खेळाडूला ओळखू येणार नाही इतका जबर होता. एक गोळा बसला की प्रतिस्पर्ध्याची सुमारे एक तृतीयांश ताकद जाई. तीन बसले की खेळ खल्लास. त्यावर नियंत्रण कसले, तर तो सुटतच नसे. हालचाल अत्यंत काटेकोर वेळेत करावी लागे आणि मुळात अशी काही हालचाल आहे, हेच यंत्रावर सांगितलेले नव्हते. ते गुपित खेळाडूंनी शोधून काढायचे होते.

या गेमच्या सुरुवातीच्या यंत्रांवर नेहमीच्या बटणांऐवजी दाबाचा जोर ओळखणाऱ्या मोठ्या गाद्या होत्या. जितक्या जोरात बुक्की, तितका जोरदार हल्ला. पुढे सहा बटणांची आवृत्ती आली आणि तीच रूढ झाली. पाश्चात्त्य आवृत्तीत तर या हल्ल्याचे नावही वेगळे होते. रियू तिथे ‘सायको फायर’ असे ओरडत असे.

थोडक्यात, पहिल्या भागातील समतोल असा होता : हल्ला प्रचंड ताकदीचा, पण जमणे नशिबाच्या हवाली. दोन माणसांच्या स्पर्धेसाठी हे गणित फारसे उपयोगाचे नव्हते.

१९९१ मध्ये काय बदलले?

निशियामा पहिल्या भागानंतर ‘एसएनके’ या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या चमूने ‘स्ट्रीट फायटर २’ घडवला आणि तो जगभर गाजला. सुपर निन्टेन्डोवरील त्याच्या एकाच आवृत्तीच्या ६३ लाख प्रती खपल्या.

या भागात हादोकेनची ताकद कमी केली आणि तो सोडणे सोपे केले. हाच निर्णायक बदल. आता हल्ला जमतो की नाही हा प्रश्न उरला नाही, तो कधी सोडायचा हा प्रश्न महत्त्वाचा झाला. त्यासाठी काही साधे नियम ठरले :

- हलका, मध्यम आणि जोरदार अशा तीन पंचांनुसार गोळ्याचा वेग बदलतो. हलका गोळा संथ, जोरदार गोळा वेगवान.
- एका खेळाडूचा एका वेळी एकच गोळा स्क्रीनवर असू शकतो. तो संपेपर्यंत दुसरा सोडता येत नाही.
- दोन गोळे समोरासमोर भिडले की दोन्ही नष्ट होतात.
- गोळा अडवला तरी थोडीशी ताकद जातेच.

संथ गोळ्याचा फायदा काय, असे वाटेल. पण संथ गोळा सोडून रियू त्याच्या मागोमाग चालत जाऊ शकतो. गोळा अडवण्यात गुंतलेल्या प्रतिस्पर्ध्याजवळ तो फुकटात पोहोचतो. वेगवान गोळा मात्र लवकर स्क्रीनबाहेर जातो, म्हणून पुढचा लवकर सोडता येतो. एकाच हल्ल्याची ही दोन वेगळी शस्त्रे झाली.

त्याला जोड मिळाली ‘शोर्युकेन’ या उसळत्या ठोशाची. समोरचा खेळाडू गोळा चुकवण्यासाठी उडी मारतो आणि रियू त्याला हवेतच गाठतो. गोळा हा जाळ्यातला दाणा आणि शोर्युकेन हे जाळे. फायटिंग गेममधील डावपेचांचा पाया या जोडगोळीने घातला.

याच गेममधील गायल हे पात्र ‘सॉनिक बूम’ फेकते. तो फेकल्यावर गायल लवकर सावरतो, पण त्यासाठी आधी काही क्षण मागची दिशा दाबून धरावी लागते. रियू चालता चालता कधीही गोळा सोडू शकतो, गायलला आधी तयारी लागते. ताकद आणि सोय यांची ही देवाणघेवाण पुढे असंख्य गेमनी उचलली.

फ्रेमचा हिशेब काय असतो?

फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रांनी, म्हणजे ६० फ्रेमनी चालतो. एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक हल्ल्याचे तीन टप्पे असतात : तयारी, मारा आणि सावरणे. सावरेपर्यंत पात्र ना अडवू शकते, ना हलू शकते.

ताज्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये रियूचा साधा हादोकेन बाहेर पडायला पंचाच्या जोरानुसार साधारण १२ ते १६ फ्रेम लागतात आणि रियू पूर्ववत व्हायला एकूण पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ जातो. माणसाला डोळ्यांनी पाहून बटण दाबायला साधारण पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. पुढे मारलेली उडी जमिनीवर यायला आणखी ४५ फ्रेमच्या आसपास.

आता बेरीज करून पाहा. गोळ्याची सुरुवात पाहून उडी मारली, तर खाली येईपर्यंत ६० फ्रेम उलटतात. तोपर्यंत रियू सावरलेला असतो आणि शोर्युकेनसाठी तयार असतो. म्हणजे पाहून उडी मारणे उशिराचे ठरते, गोळा येणार हे आधी ओळखावे लागते. रियूलाही समोरचा कधी ओळखेल याचा अंदाज बांधावा लागतो. सावरण्याचा वेळ पाच फ्रेमने वाढवला तर हादोकेन जुगार होतो, पाच फ्रेमने घटवला तर त्यावर उपायच राहत नाही. पुढच्या प्रत्येक भागातील भांडण या मूठभर फ्रेमचे आहे.

उतारे कधी आले?

१९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’मध्ये रियू आणि केन हे तोपर्यंत जवळपास जुळे असलेले मित्र वेगळे होऊ लागले. रियूचा गोळा सुधारला, केनचा शोर्युकेन. त्याच वर्षीच्या ‘हायपर फायटिंग’मध्ये गेमचा वेग वाढला आणि गोळ्यांच्या भिंतीपुढे हतबल होणाऱ्या पात्रांना वाट मिळाली. चुन-लीला स्वतःचा गोळा मिळाला. धालसिम या भारतीय योग्याच्या पात्राला एका जागेवरून अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकटण्याची कला मिळाली.

१९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’मधील बदलाची गोष्ट मजेशीर आहे. मूळ ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये क्वचित एखादा हादोकेन निळ्याऐवजी लाल दिसायचा. त्याची ताकद तेवढीच असे, फक्त रंग बदले. ‘सुपर’मध्ये खरोखरचा लाल, आगीचा हादोकेन आला. त्याची हालचाल वेगळी होती आणि जवळून बसला तर प्रतिस्पर्धी पेटून खाली पडे.

१९९४ च्या ‘सुपर टर्बो’ने ‘सुपर कॉम्बो’ आणले. सामन्यात हल्ले करत करत एक पट्टी भरायची आणि ती खर्चून ‘शिंकू हादोकेन’ हा पाच फटक्यांचा महागोळा सोडायचा. आता गोळ्याला वेळेखेरीज साठवलेल्या ऊर्जेचीही किंमत आली. याच भागातील अकुमा या छुप्या पात्राने हवेतून तिरके गोळे फेकून उडीचा उताराही धोक्यात आणला.

नक्कल आणि थट्टा

गोळा इतका लोकप्रिय झाला की इतर कंपन्यांनी आपापली रूपे काढली. निशियामा यांनी एसएनकेमध्ये केलेल्या १९९१ च्या ‘फेटल फ्युरी’त टेरी बोगार्डचा गोळा जमिनीवरून लाटेसारखा सरकतो. त्याच कंपनीच्या १९९२ मधील ‘आर्ट ऑफ फायटिंग’मध्ये ऊर्जेची पट्टी रिकामी झाली की गोळा दुबळा होतो.

कॅपकॉमने याचा बदला विनोदाने घेतला. १९९५ च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’मध्ये डॅन हिबिकी हे छुपे पात्र आले. एसएनकेच्या नायकांची ती उघड टवाळी होती. गुलाबी पोशाखातला डॅन मोठ्या आवेशात गोळा फेकतो आणि तो हातभर अंतरावर विरून जातो. त्याच्या उलट टोकाला १९९६ चा ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ होता. तिथे रियूचा शिंकू हादोकेन गोळा न राहता स्क्रीन व्यापणारा प्रकाशझोत झाला.

तिसऱ्या भागात तो निस्तेज का वाटला?

१९९७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ३’ आला आणि त्याने ‘पॅरी’ आणली. हल्ला अंगावर आदळण्याच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे ढकलली की तो पूर्ण निष्प्रभ होतो. रेघभरही ताकद जात नाही. दुरून येणारा गोळा पॅरी करणे तुलनेने सोपे, कारण तो कधी पोहोचणार हे दिसत असते. त्यामुळे दुरून गोळ्यांची सरबत्ती करून सामना जिंकण्याचे दिवस संपले.

रियूला भरपाई म्हणून ‘देंजिन हादोकेन’ मिळाला. हा विजेचा गोळा बटण धरून साठवता येतो आणि नेहमीच्या पद्धतीने अडवताच येत नाही. पॅरी मात्र करता येतो. म्हणजे समोरच्याची हिंमत आणि वेळेचे भान यांची परीक्षा.

पॅरी काय करू शकते हे २००४ च्या ‘इव्हो’ स्पर्धेत जगाने पाहिले. कॅलिफोर्नियातील या सामन्यात दाइगो उमेहारा याच्या केनकडे जेमतेम ताकद उरली होती. जस्टिन वाँगच्या चुन-लीने लाथांची महामालिका सोडली. एक लाथ नुसती अडवली असती तरी सामना संपला असता. दाइगोने ती संपूर्ण मालिका पॅरी केली आणि डाव फिरवला. ‘इव्हो मोमेंट ३७’ म्हणून हा प्रसंग आजही पाहिला जातो.

चौथ्या भागात पुनरागमन, पाचव्यात पीछेहाट

२००८ च्या ‘स्ट्रीट फायटर ४’ने पॅरी काढून ‘फोकस अटॅक’ आणला. त्यात पात्र एक फटका झेलून उलट वार करते. एकच फटका, हे महत्त्वाचे. कारण थोडी ऊर्जा खर्चून सोडलेला ‘ईएक्स हादोकेन’ दोन फटक्यांचा असतो आणि तो फोकस मोडतो. नवा उतारा आणि उताऱ्यावर उतारा, असे गणित पुन्हा जुळले.

या गणितात दाइगो पारंगत होता. २००९ आणि २०१० अशी सलग दोन वर्षे त्याने रियू घेऊन ‘इव्हो’ जिंकली. त्याचा गोळा सोडण्याचा ठेका आणि अंतराचा अंदाज हा त्या काळी स्वतंत्र अभ्यासाचा विषय होता.

२०१६ च्या ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये वारे उलट्या दिशेने फिरले. खेळाचा भर जवळच्या, आक्रमक लढतीवर आला. गोळा अडवताना ताकद जाई, पण अशा झिजेने प्रतिस्पर्ध्याला संपवता येईनासे झाले. शेवटचा कण उरला की साधा हादोकेन अडवूनही तो वाचे. दुसऱ्या भागात कोंडीत सापडलेल्याला गोळ्याच्या झिजेनेच हरवणे हा ठरलेला शेवट होता, तो इथे बंद झाला. पुढच्या बदलांत रियू आणखी कमजोर झाला आणि २०१७ च्या सुमारास दाइगोने त्याला सोडून गायल निवडला. वर्षानुवर्षे रियूशी जोडले गेलेले नाव केवळ आकड्यांच्या फेरफाराने त्याच्यापासून तुटले. व्यावसायिक खेळाडूच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा निर्णय असतो.

सहाव्या भागातील नवे गणित काय?

२ जून २०२३ रोजी आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने आधीच्या बहुतेक कल्पना एकत्र केल्या. प्रत्येक खेळाडूला सुरुवातीपासूनच भरलेली ‘ड्राइव्ह’ पट्टी मिळते. पॅरी परत आली, पण ती या पट्टीतून खर्च होते. ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा हल्ला दोन फटके झेलून पुढे येतो, त्यामुळे जवळून बेफिकीरपणे फेकलेला साधा गोळा रियूच्याच अंगलट येतो.

दुसरीकडे गोळा अडवला की ताकदीऐवजी ड्राइव्ह पट्टी झिजते. ती संपली की खेळाडू ‘बर्नआउट’मध्ये जातो आणि मग मात्र जुन्या काळासारखी ताकदही झिजू लागते. म्हणजे हादोकेनचा दबाव परत आला, पण थेट गळ्याशी न येता खिशातून सुरू होणारा.

तिसऱ्या भागातील विजेची आठवण म्हणून रियू आता क्षणभर थांबून ‘देंजिन’ ऊर्जा भरून घेऊ शकतो. त्यानंतरचा हादोकेन दोन फटक्यांचा होतो. साध्या गोळ्याशी भिडला तर त्याला नष्ट करून उरलेला फटका पुढे जातो. पण भरण्याचा तो क्षण मोकळा मिळायला हवा. फुकट काहीच नाही, हा मालिकेचा नियम इथेही पाळला आहे.

एका बटणाचा वाद काय आहे?

सर्वांत मोठा बदल गोळ्यात झालेला नाही, तो सोडण्याच्या पद्धतीत झाला आहे. सहाव्या भागात ‘मॉडर्न’ नियंत्रणे निवडली तर हादोकेन एका बटणावर सुटतो. खाली, तिरके, पुढे असे काही करावे लागत नाही.

जुन्या खेळाडूंचा आक्षेप समजण्यासारखा आहे. हालचालीला लागणारा वेळ आणि चुकण्याची शक्यता हा समतोलाचाच भाग होता. पुढे चालत असताना घाईत हादोकेन करायला गेले की हालचाल शोर्युकेनसारखी वाचली जाते आणि रियू उगाच हवेत उसळतो, हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. एका बटणावर ती चूक होतच नाही. शिवाय उडी दिसताच शोर्युकेनही तत्काळ सुटतो.

कॅपकॉमने किंमत लावली आहे. एका बटणावर सोडलेल्या विशेष हल्ल्याची ताकद २० टक्क्यांनी कमी असते आणि ‘मॉडर्न’मध्ये साध्या हल्ल्यांचे काही पर्यायही मिळत नाहीत. हवे तर हाताने पूर्ण हालचाल करून पूर्ण ताकदीचा गोळा सोडता येतोच. नवख्याला मात्र बोटांच्या सरावात महिने न घालवता पहिल्या दिवसापासून गोळा कधी सोडायचा याचा विचार करता येतो. बोटांच्या वेगवान हालचाली शक्य नसलेल्यांसाठी तर हा खेळात प्रवेशाचा मार्ग आहे. याच भागात प्रतिस्पर्ध्याचे अंतर आवाजातून कळवणारी सोयही दिली आहे, जिचा उपयोग दृष्टिहीन खेळाडूंना होतो.

१९९१ मध्येही नेमके हेच झाले होते, हे विसरता येत नाही. १९८७ चा अवघड हादोकेन ज्यांनी महत्प्रयासाने साधला होता, त्यांच्या दृष्टीने ‘स्ट्रीट फायटर २’नेही तो सोपाच केला होता. त्या सोपेपणातूनच स्पर्धात्मक फायटिंग गेम उभे राहिले.

आपल्याशी याचा संबंध काय?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत व्हिडीओ गेम पार्लर होती. ‘मुस्तफा’ म्हणून सर्वतोमुखी झालेला गेम याच कॅपकॉमचा. त्याच्या शेजारच्या यंत्रावर ‘स्ट्रीट फायटर’ असे आणि रियूची आरोळी ज्याला जशी ऐकू येई तशी तो म्हणे.

आज हा खेळ पार्लरच्या बराच पुढे गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधील खेळ म्हणून मान्यता देत ते क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा प्रकार होता आणि त्यात भारताचेही खेळाडू उतरले होते. सहाव्या भागाच्या ‘कॅपकॉम कप’मध्ये विजेत्याला १० लाख डॉलरचे बक्षीस ठेवण्यात आले. एवढी रक्कम पणाला असताना गोळा दोन फ्रेम आधी सावरतो की नंतर, हा प्रश्न पोरखेळ राहत नाही.

हांगझोऊमधील सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने जिंकले. तेव्हा त्याचे वय होते ४४. प्रतिक्षिप्त क्रियांचा आणि म्हणून तरुणांचा मानल्या जाणाऱ्या खेळात, पाचव्या भागाने गोळ्याचे महत्त्व कमी केलेले असतानाही, हा माणूस अव्वल ठरला. वरच्या फ्रेमच्या बेरजेत त्याचे थोडे उत्तर आहे. पाहून मारलेली उडी जवळपास नेहमीच उशिराची असते, त्यामुळे समोरचा काय करणार हे आधी ओळखणाऱ्याला वेगाची कमतरता भरून काढता येते. आकडे पुढच्या भागात पुन्हा बदलतील, हे नक्की. ओळखण्याची ती गरज मात्र १९९१ पासून कोणत्याही भागाने काढून टाकलेली नाही.